पागेची जमीन आणि शिंगराचा आजार



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आम्हांला सातवीत इतिहास शिकवीत. लढाईचा धडा संपला की ते विचारीत, ‘‘घोडे किती मेले?’’ पुस्तकात तो आकडा बहुधा नसे. मग गुरुजी म्हणत, ‘‘नाही ना? मग लढाई अर्धीच शिकलात.’’ त्यांचा हा प्रश्न मला जन्मभर पुरला आहे. म्हणून संयोजकांनी बखरवाङ्मयावर बोलावे असे सुचविले असता मी शिंगरांच्या आतड्यात होणाऱ्या जंतांवर बोलेन असे कळविले. पत्र वाचून त्यांना माझ्या वयाची काळजी वाटली असल्यास नवल नाही. पण हा विषय मला ह्याच कमरीपेठेत मिळाला आणि बखरींशी त्याचा संबंध आहे, हे ऐकून घ्यावे.

१९६० च्या सुमारास आमच्या गल्लीच्या टोकाला एक टांगेवाले चाचा राहत. सकाळी मागांचा खटखटाट सुरू होण्यापूर्वी त्यांच्या टांग्याची घुंगरे वाजत आणि तो स्टेशनकडे निघे. गल्लीत मराठी, कानडी, दखनी आणि सावजींची घरातली बोली अशा चार भाषा एकाच नळावर भांडत असत. चाचांची घोडी व्याली तेव्हा ह्या चारही भाषांतली मुले परसाच्या भिंतीवर चढून बसली होती. शिंगरू तांबूस रंगाचे होते आणि त्याच्या कपाळावर पांढरा टिळा होता. चाचांना ते विकायचे नव्हते. घोडी थकत आली होती आणि चार वर्षांनी तिच्या जागी टांग्याला हेच जुंपायचे, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे त्या शिंगरावर एका कुटुंबाची पुढची दहा-बारा वर्षे उभी होती.

तीन महिन्यांचे झाल्यावर ते खोकू लागले. नाकातून पाणी येई. गार वाऱ्याचे आहे म्हणून त्याच्या अंगावर पोते घातले. खोकला गेला, पण पुढे केस राठ झाले, बरगड्या दिसू लागल्या आणि पोट मात्र मडक्यासारखे सुटले. सहाव्या महिन्यात लिदेतून हातभर लांबीचा, पेन्सिलीएवढा जाड, पांढुरका जंत पडला. कानडीत ‘हुळ’, आमच्यात ‘जंत’, चाचांच्या तोंडी ‘कीडे’. टांगा अड्ड्यावर एक म्हातारे सलोत्री येऊन बसत. त्यांनी पळसपापडी आणि वावडिंग थोडे थोडे करून पंधरा दिवस द्यायला सांगितले. ‘‘एकदम पाडू नकोस, हप्त्याहप्त्याने पाड,’’ हे त्यांचे शब्द. चाचांना पंधरा दिवस फार वाटले. बाजारात नवे औषध आले होते, एका मात्रेत काम करणारे. आठ आणे देऊन ते आणायला त्यांनी मला पाठविले. मी धावत गेलो आणि धावतच परत आलो. बांबूच्या नळकांड्यातून ते शिंगराला पाजले तेव्हा त्याचे दावे मीच धरले होते.

संध्याकाळी जंत पडले आणि चाचा खूष झाले. मध्यरात्री शिंगरू जमिनीवर लोळू लागले. पाय झाडी, मान वळवून पोटाकडे पाही. उजाडण्यापूर्वी ते मेले.

ह्या घटनेचा न्याय कसा करायचा, हा माझा आजचा प्रश्न आहे. तो जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना सापडली आणि त्यांनी ती १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केली, हे आपणां कर्नाटकातल्या मंडळींना सांगायला नको. त्यातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात शिंगराच्या आहाराची पायरीपायरीने वाढणारी मापे दिली आहेत. पहिले दहा दिवस गेल्यावर तुपात कालवलेले पीठ आणि दूध, सहा महिन्यांनंतर जव. ह्याच प्रकरणात चिकित्सकाचा दंडही सांगितला आहे. उपचारातील हयगयीने रोग बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड आणि परिणाम अगदी उलटा झाला तर जनावराच्या किमतीएवढा. मौर्यकालीन असो वा त्यानंतरचा, हा नियम ज्याने लिहिला त्याला औषधाने जनावर मरते हे पक्के ठाऊक होते. परंतु दंड करायचा तर दोष कोणाचा हे ठरवावे लागते. आमच्या परसात तो औषध देणाऱ्याचा, पाजणाऱ्याचा की आणून देणाऱ्याचा? चाचांनी तो स्वतःकडे घेतला. मी कोणालाच काही न सांगता त्यातला थोडा माझ्याकडे ठेवून घेतला.

आता त्या म्हाताऱ्याच्या पदवीकडे वळतो, कारण शब्दांचा माग काढणे हा माझा व्यवसाय होता. ‘सलोत्री’ हा शब्द शालिहोत्र ह्या ऋषीच्या नावावरून आला. अश्वविद्येचा आद्य आचार्य म्हणून परंपरा त्याला मानते आणि पुढे त्याचे नाव हेच त्या शास्त्राचे नाव झाले. पंधराव्या शतकाच्या आरंभी गुलबर्ग्याच्या बहमनी दरबारात त्या शास्त्राचे फारसी भाषांतर झाले आणि ‘शालिहोत्र’ चे ‘सालोतर’ बनले. कंपनी सरकारच्या पलटणींतही घोड्यांच्या देशी वैद्याला सलोत्रीच म्हणत. संस्कृतातून फारसीत, फारसीतून दखनीत आणि पलटणीतून टांगा अड्ड्यावर असा हा शब्द फिरत आला. ज्यांनी तो धारण केला होता त्या आमच्या म्हाताऱ्यांना अक्षरओळख नव्हती.

जुन्या वैद्यकाला कृमी चांगले परिचित होते. चरकसंहितेत त्यांचे वीस प्रकार सांगून उपायाची तीन अंगे मानली आहेत: अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानवर्जन. म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणे, त्याला मानवणारी पोटातली स्थिती मोडणे आणि तो ज्या कारणाने होतो ते कारण टाळणे. हे विवेचन माणसासाठी असले तरी घोड्याला तंतोतंत लागू पडते. यातील पहिल्या दोन अंगांसाठी पळसपापडी होती, वावडिंग होते, किरमाणी ओवा होता. तिसरे अंग मात्र सूत्रातच राहिले. जे कारण टाळायचे ते डोळ्यांना दिसतच नव्हते.

ते कारण म्हणजे जंताचे अंडे. मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते आणि ती लिदेबरोबर जमिनीवर येतात. ओल आणि ऊब मिळाली की दोनेक आठवड्यांत अंड्यात अळी तयार होते आणि अंडे खाणाऱ्याची वाट पाहत राहते. त्याचे कवच जाड असते आणि वरचा लेप चिकट. त्यामुळे ते भिंतीला, बादलीला, चंदीच्या तोबऱ्याला आणि घोडीच्या आचळालासुद्धा चिकटून बसते. कडक ऊन व कोरडेपणा त्याला सोसत नाही, पण सावलीतल्या ओलसर मातीत ते काही वर्षे जगते. शिंगराने ते गिळले की अळी आतड्याची भिंत भेदून यकृतात आणि तेथून फुप्फुसात जाते. खोकल्याबरोबर घशात येते, पुन्हा गिळली जाते आणि मग आतड्यात स्थिरावून मोठी होते. ह्या सगळ्या फेरीला अडीच-तीन महिने लागतात. चाचांनी ज्याला गार वारा म्हटले तो खोकला बहुधा हाच. घोडा दीड-दोन वर्षांचा झाला की त्याच्या अंगी प्रतिकार येतो आणि हे जंत फारसे टिकत नाहीत. म्हणून वाढलेली घोडी सहसा दोषी नसते. यंदाच्या शिंगराला जंत मिळतात ते गेल्या सालच्या शिंगराने जमिनीत ठेवलेल्या अंड्यांतून.

हे ध्यानात घेऊन सभासदाची बखर उघडावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, अशी शिवकालीन पागेची बांधणी त्यात दिली आहे. पाण्याला माणूस नेमला आहे, खुराला माणूस नेमला आहे, पोटाला नेमलेला माणूस मला त्या तपशिलात आढळला नाही. औषधांचा उल्लेख मात्र आहे. पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात छावणीस यावे, तेथे दाणा, रतीब व औषधे सिद्ध असावीत, गवताने शाकारलेली घरे असावीत आणि दसरा होताच कूच करावे, अशी ती रीत होती. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजीमहाराजांनी पाठविलेले प्रसिद्ध पत्रही ह्याच चिंतेतून लिहिलेले आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळाल तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, गवताला आग लागेल, ते पाप तुमच्या माथी, हा त्याचा आशय. जनावराची इतकी बारीक काळजी घेणारे राज्यकर्ते आपल्या इतिहासात फार थोडे.

परंतु जंताच्या बाजूने पाहिले तर पावसाळी छावणी ही त्याच्या सोयीची जागा होती. चार महिने शाकारलेल्या छपराची सावली, पायांखाली ओल आणि एका दावणीला बांधलेली जनावरे. दसऱ्याला लष्कर निघून जाई, अंडी मागे राहत आणि पुढच्या मृगात त्याच जमिनीवर पुन्हा पागा बांधली जाई. प्रौढ घोड्यांना ह्याचा फारसा उपद्रव नव्हता. प्रश्न होता तो त्या पागेत घोडी विण्याचा. जितकी पागा जुनी, व्यवस्थित आणि भरलेली, तितकी तिची जमीन शिंगराला घातक, असे म्हणणे मला भाग पडते. ह्याउलट भीमा-नीरेच्या काठची प्रसिद्ध भीमथडी घोडी गावोगावच्या कुणब्या-धनगरांकडे एक-दोन, एक-दोन अशी वाढत. शिंगरे मोकळ्या रानात, कोरड्या उन्हात आयांमागे हिंडत. भीमथडीच्या काटकपणाचे श्रेय आपण रक्ताला देतो, पाण्याला देतो. त्यातला काही वाटा ह्या विखुरलेपणाला द्यावा, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, त्याला कागद नाही. असणार कसा? घोड्याचा रंग, चेहरा, डाग ह्यांची नोंद होई, कारण त्याच्यावर पगार अवलंबून असे. जे शिंगरू घोडा होण्यापूर्वीच मेले, त्याची दप्तरात नोंद करण्याचे कोणाला कारण नव्हते.

तेराव्या शतकात मार्को पोलोने पूर्व किनाऱ्यावरच्या माबार देशाविषयी लिहिताना नमूद केले आहे की, तेथे उत्तम घोडीलाही निकृष्ट, वाकड्या पायांची शिंगरे होतात. म्हणूनच दक्षिणेतले राजे अरबी घोड्यांवर शतकानुशतके द्रव्य ओतीत राहिले. गोवे बंदरात उतरलेले घोडे घाट चढून विजयनगराकडे आणि विजापुराकडे जात. दक्षिणेत घोडा नीट निपजत नाही ह्याचे कारण सर्वांनी एकच दिले: हवा. ‘हवा’ हा शब्द इतिहासकारांना फार सोयीचा आहे. त्यात चारा येतो, चुना कमी असलेली माती येते, माशा येतात आणि माझ्या मते हा जंतही येतो. त्यातला कोणाचा वाटा किती, हे आता वेगळे काढता येणार नाही.

इंग्रजी अमदानीत पशुवैद्यकाची शास्त्रशुद्ध उभारणी मराठी मुलखातच सुरू झाली. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊंतील मुक्तेश्वरला गेली. सऱ्यासारखे पलटणीचे घोडे भराभर मारणारे रोग त्या काळी सरकारला भेडसावीत होते आणि संशोधनाचा रोख तिकडे असणे स्वाभाविक होते. शिंगरांचा जंत साथ आणीत नाही. तो एकेका परसात एकेक शिंगरू मारतो.

गंमत अशी की, ज्या वर्षांत इकडे त्याच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते, त्याच वर्षांत युरोपात हा जंत जीवशास्त्राचा लाडका झाला होता. पेशीतील गुणसूत्रे मोजणे त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाखाली फार अवघड काम. माणसाची शेहेचाळीस आहेत हे निश्चित व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. घोड्याच्या ह्या जंतात ती अवघी दोन किंवा चार असतात आणि चांगली ठळक असतात. बेल्जियममधील लिएज येथे एदुआर व्हान बेनेडेन ह्याने १८८३ मध्ये त्याच्या अंड्यात पाहिले की, पित्याकडून आणि मातेकडून निम्मी निम्मी गुणसूत्रे येतात आणि मिळून पूर्ण संख्या होते. जर्मनीत थिओडोर बोव्हेरीने पुढे ह्याच जंतावर वर्षानुवर्षे काम केले आणि आनुवंशिकतेचा आधार गुणसूत्रांत आहे, ह्या सिद्धान्ताचा पाया घातला. आपण आपल्या आईचे आणि बापाचे सारखेच आहोत, हे माणसाने घोड्याच्या जंताकडून शिकावे, ही गोष्ट मला कोणत्याही पुराणकथेइतकी विलक्षण वाटते. ती मी वर्गात अनेकदा सांगितली. मराठीचा तास होता, पण मुलांनी कधी तक्रार केली नाही.

शरीरातला त्याचा प्रवास मात्र त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी उलगडला. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील फ्रान्सिस स्ट्यूअर्ट ह्याने १९१६ मध्ये माणसाच्या व डुकराच्या तशाच जंताची अंडी उंदरांना खाऊ घातली आणि अळ्या फुप्फुसात जातात हे दाखविले. औषधांची कथा आणखी पुढची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत मॉरिस हॉलने घोड्यांसाठी कार्बन डायसल्फाइडचा उपाय रूढ केला. औषध जालीम, आणि ते द्यायला हातही जाणता लागे. १९५० नंतरच्या दशकात पिपराझीन आले. स्वस्त, सोपे आणि एका मात्रेत काम करणारे. मी आठ आण्यांना आणले ते हेच असावे.

पिपराझीन जंताला मारण्यापूर्वी लुळा करते. थोडे जंत असतील तर ते लिदेबरोबर वाहून जातात. पण पोटात शेकड्यांनी असतील आणि सगळे एकदमच लुळे पडले, तर शिंगराच्या अरुंद आतड्यात त्यांचा बोळा अडकतो. कधी आतडे फुटते. औषधानंतर एखाद्या दिवसात पोटदुखी उठून शिंगरू दगावते, ही गोष्ट आज पशुवैद्यकाच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेली असते आणि जंत फार असल्याची शंका आली तर सौम्य, सावकाश काम करणारे औषध आधी द्यावे असा सल्ला असतो. म्हाताऱ्या सलोत्र्यांचे ‘हप्त्याहप्त्याने पाड’ मला इथे आठवते. म्हणून त्यांची पळसपापडी श्रेष्ठ होती, असे मात्र मी म्हणणार नाही. तिचा गुण बियांच्या ताजेपणावर आणि देणाऱ्याच्या अंदाजावर होता आणि पुष्कळदा ती काहीच करीत नसे. आपल्या पूर्वजांचे सगळेच बरोबर होते असे सिद्ध करणारी व्याख्याने अलीकडे उदंड झाली आहेत. त्यांत माझी भर नको.

पुढील पिढीचे औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. जपानचे सातोशी ओमुरा आणि अमेरिकेतील विल्यम कॅम्पबेल ह्यांना त्याबद्दल २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यापूर्वीच, २००२ मध्ये, नेदरलँड्समधून वार्ता आली होती की, शिंगरांतला हा जंत त्याला दाद देईनासा झाला आहे. दर दोन महिन्यांनी सरसकट औषध पाजण्याच्या पद्धतीचे ते फळ होते. आता सांगतात की लीद तपासा, अंडी मोजा, गरज असेल तेव्हाच औषध द्या, आणि तबेल्यातली लीद रोज उचला. चरकाचे तिसरे अंग अशा रीतीने सर्वांत शेवटी हाती आले.

चाचांची कथा अजून संपलेली नाही. पहिल्या शिंगरानंतर त्यांनी शपथ घेतली की, ह्या परसात पुन्हा औषध आणायचे नाही. दोन वर्षांनी घोडी पुन्हा व्याली. ह्या खेपेस बछेरी होती. ती त्याच मेखेला, त्याच भिंतीच्या सावलीत बांधलेली असे. तीच मडक्यासारखी पोटाची गोलाई आली, तेच राठ केस. चाचांनी तिला गूळ दिला, ताईत बांधला, औषध दिले नाही. अड्ड्यावरचे सलोत्री तोवर वारले होते. बछेरी झिजत झिजत गेली, त्याला तीन महिने लागले. थकलेल्या घोडीवरच त्यांनी आणखी काही वर्षे टांगा ओढला आणि मग एका कापडाच्या दुकानात हमालीला लागले.

बखरींतील लष्करी शब्दांवरच्या प्रबंधाबद्दल मला पीएच.डी. मिळाली, तेव्हा मी हुबळीला आलो होतो. चाचा वाटेत भेटले. ‘‘डाक्टर हुआ कते तू?’’ असे म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि बाजूला नेऊन विचारले की, त्या वेळी तू आणलेल्या औषधानेच ते शिंगरू मेले काय? आपण त्या अर्थाचे डॉक्टर नव्हे, हे मी त्यांना सांगितले. ते हसले. ‘सलोत्री’ हा शब्द शालिहोत्रापासून कसा आला एवढेच मला त्या दिवशी येत होते. उत्तर येत नव्हते. ते जुळवून होईपर्यंत चाचा गेले होते.

मागच्या वर्षी त्यांच्या नातवाला हे सगळे सांगितले. त्याचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने शांतपणे ऐकले आणि एकच गोष्ट विचारली: पहिल्याची अंडी दोन वर्षे मातीत टिकली असतील का? मी म्हटले, हो, सहज. मग त्याने मला परसात नेले. आता तिथे फरशी आहे आणि तीन स्कूटर उभ्या असतात. भिंतीतली मेख मात्र काढलेली नाही. तिला त्याने हातपंपाची नळी अडकवून ठेवली आहे.